डॉक्टर, एकच विचारायचं होतं

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात कुत्रा किंवा मांजर आलं आहे, जे स्वतःला ‘मालक’ न म्हणवता ‘पेट पेरेंट’ म्हणवतात, आणि ज्यांनी अजून एकदाही रात्री साडेअकराला डॉक्टरांना फोन करून ‘झोपला नव्हतात ना?’ असं विचारलेलं नाही, त्यांच्यासाठी. मुरलेल्या पालकांनी वाचली तरी चालेल. त्यांना आपापले प्रश्न ओळखू येतील.

मी डॉक्टर नाही. प्राण्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून केसपेपर लिहायचे, वजनकाट्यावर चढायला तयार नसलेल्यांना चढवायचं, आणि डॉक्टर आत कोणाला टाके घालत असले की फोन घ्यायचा, हे माझं काम. त्यामुळे प्रश्न आधी माझ्या कानावर पडतात. उत्तरं डॉक्टरांची; प्रश्न कसे विचारले जातात, या विषयात मात्र माझा बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे.

कोणाला विचारावं

कुत्र्याने सकाळी खाल्लं नाही, तर लगेच दवाखाना गाठू नये. तो दुपारपर्यंत बरा झाला तर ग्रुपवर सांगायला काही उरत नाही. आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकावं. ‘आमचा सिंबा सकाळपासून उदास आहे’ एवढं पुरे; फोटो जोडला तर उत्तम. दहा मिनिटांत हळदीचं दूध, दहीभात, नारळपाणी, दृष्ट काढणे आणि बी विंगमधल्या एकाचं ‘पार्वो असणार’ असं ठाम निदान, एवढं सगळं हाती येतं. मग तळमजल्यावरच्या आजोबांना विचारावं. त्यांच्या गावच्या वाड्यात सात कुत्री होती आणि एकालाही कधी डॉक्टर लागला नाही. ती किती वर्षं जगली, हे मात्र विचारू नये. त्यानंतर ज्याच्याकडून पिल्लू घेतलं तो ब्रीडर, मग एमबीबीएस झालेला मावसभाऊ, आणि मग मेडिकलवाला.

प्राण्यांचा डॉक्टर या यादीत शेवटी येतो. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं तो हेच शिकलेला असतो. पण त्याला फी द्यावी लागते, आणि पाच फुकटच्या मतांपुढे एका विकतच्या मताचं काय चालणार? तोवर तिसरा दिवस उजाडलेला असतो. केसपेपरवर ‘किती दिवसांपासून?’ असा रकाना आहे. तिथे हमखास ‘कालपासून’ असं सांगितलं जातं.

मेडिकलवाल्यापाशी जरा थांबायला हवं, कारण इथे गंमत संपते. मांजर मलूल दिसतं, अंग गरम लागतं, म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली जाते. ‘लहान मुलांनाही देतात की’ हा युक्तिवाद. माणसाच्या यकृतात या औषधाला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर काढण्याची सोय आहे. मांजराच्या यकृतात ती सोय जवळजवळ नाहीच. मग औषध दुसऱ्या वाटेने मोडतं, त्यातून विषारी घटक तयार होतो, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं. गुलाबी हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्याला आयबुप्रोफेन दिलं तर पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. यातलं काही देऊन झालं असेल तर दवाखान्यात आल्या आल्या तसं सांगावं. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. ‘काहीच दिलं नाही हो’ असं सांगून डॉक्टरांना रक्ततपासणीतून ते शोधायला लावण्यात जो वेळ जातो, तो मांजराच्या खात्यातून जातो.

ताप आणि नाक

नवशिक्याने पाठ करायचा पहिला सिद्धान्त: नाक ओलं म्हणजे तब्येत ठणठणीत, नाक कोरडं म्हणजे ताप. कोणाही अनुभवी माणसाकडून हा सिद्धान्त मोफत मिळतो. त्यात तथ्य एवढंच की कुत्र्याला नाक असतं. झोपून उठलेल्या, पंख्याखाली पसरलेल्या किंवा उन्हात लोळून आलेल्या निरोगी कुत्र्याचं नाक कोरडं असतं, आणि फणफणलेल्या कुत्र्याचं नाक ओलंगच्च असू शकतं.

पुढची पायरी थर्मामीटर. आपल्या घरातला डिजिटल चालतो. तो कुठे लावायचा हे फोनवर सांगितलं की पलीकडे थोडा वेळ शांतता पसरते, आणि मग ‘काखेत नाही का चालणार?’ असं येतं. नाही चालणार. टोकाला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं, एकाने डोकं धरून गोड बोलायचं, दुसऱ्याने शेपटी उचलून टोक इंचभर आत सरकवायचं आणि बीप वाजेपर्यंत धरून ठेवायचं. बोलणारा आणि धरणारा एकच माणूस असेल तर थर्मामीटर सोफ्याखाली सापडतो. यानंतर त्या थर्मामीटरवर न पुसणाऱ्या मार्करने प्राण्याचं नाव लिहावं. ही सूचना ऐच्छिक नाही.

आकडा दिसला की घाबरून फोन करावा: ‘डॉक्टर, एकशे दोन ताप आहे!’ कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. मांजराचंही साधारण तेवढंच. आपल्या 98.6 च्या पट्टीने मोजलं तर महाराष्ट्रातली सगळी कुत्री जन्मभर तापाने आजारी आहेत. 103 च्या वर गेला तर मात्र फोन करायचा, तोही गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत न बसता.

नाक बघण्याची हौस असेलच तर ती थोडी खाली वळवून हिरड्यांकडे न्यावी. ओठ उचलून हिरडी बोटाने दाबायची. ती पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. फिकट, पांढरट, निळसर किंवा विटकरी दिसली तर गाडी काढायची. दुसरं, प्राणी गाढ झोपलेला असताना छातीचं वर-खाली मोजायचं. मिनिटाला तीसच्या आत ठीक. हे दोन आकडे फोनवर सांगणारा पालक आला की डॉक्टर आतून बाहेर येऊन त्याला बघून जातात.

‘तो सगळं खातो’

खाण्याच्या प्रश्नाचं उत्तर पालक स्वतःच अभिमानाने देतात: ‘आमचा अगदी घरच्यासारखं खातो, वरणभात, कांदेपोहे, सगळं.’ बरोबर. आणि सत्यनारायणाला शिराही खातो. त्या शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा हिशेब आधी करता येत नाही. एखादा मूठभर पचवतो, एखाद्याला थोडे भारी पडतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागे असावं, असा संशोधकांचा अलीकडचा अंदाज आहे. प्रसादाला नाही म्हणू नये हे खरं, पण सत्यनारायणाच्या पोथीत कुत्र्याला प्रसाद दिलाच पाहिजे असं कुठे म्हटल्याचं मला आठवत नाही.

कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. पोह्याचा एक घास गेला म्हणून कुत्रा आडवा होत नाही, त्यामुळे ‘इतकी वर्षं देतोय, काही झालं नाही’ हे वाक्य टिकून राहतं. रोज रस्सा-पोळीवर वाढलेला कुत्रा जिने चढताना दमायला लागला की ते ‘वय झालं’ या खात्यावर टाकलं जातं. मांजराला तर त्याहून कमी कांदा पुरतो. चॉकलेट जितकं गडद तितकं वाईट, कारण थिओब्रोमीन जास्त. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं, पुढे यकृतावरही जातं. मधुमेही आजोबांची पर्स कुत्र्याच्या उंचीवर ठेवू नये.

लॅब्रॅडोरवाल्यांचा स्वतंत्र प्रश्न असतो: ‘हा सारखा भुकेलेला असतो, आम्ही कमी देतो का?’ वजनकाट्यावर त्रेचाळीस किलो दिसत असताना हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की लॅब्रॅडोरांपैकी साधारण चौथा हिस्सा कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो, आणि अशी कुत्री खाण्याच्या मागे जास्त लागतात, जाडही जास्त होतात. म्हणजे तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच भूक लागल्यासारखं वाटतं. तरीही द्यायचं नाही. ही बातमी घरात सांगताना सांभाळावं; एका घरी जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या सासरेबुवांनी ‘माझंही तेच जनुक’ म्हणून तिसरी पोळी मागितल्याचं ऐकलं आहे.

मांजरांच्या बाबतीत ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही’ हा प्रश्न नसून घोषणा असते. दूधपोळीवर कुत्रा कसातरी निभावून नेईल, नीट आखलेल्या शाकाहारावर चांगलाही राहील. मांजर राहत नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा बनत नाही. तो खाण्यातूनच यावा लागतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा झिजतो, आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगतं, हे 1987 मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. तेव्हा तर पाकिटातल्या खाद्यातही टॉरिन कमी पडत होतं. त्यानंतर कंपन्यांनी ते वाढवलं. गाजरातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही. यावर एका आजींनी काढलेला तोडगा मला पटलेला आहे: मांजराचं पाकीट, वाटी आणि चमचा गॅलरीत वेगळ्या फडताळात, आणि ते वाढायचं काम जावयाकडे. दूध मात्र बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. चित्रांतली वाटीभर दूध पिणारी मांजरं दुसऱ्या दिवशी काय करतात, ते चित्रात दाखवत नाहीत.

बोका आणि वाळूचा ट्रे

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचावं.

फोन साधारण असा येतो. ‘आमच्या बोक्याला बद्धकोष्ठ झालंय. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, काही होत नाही. एरंडेल दिलंय. उद्या संध्याकाळी आणलं तर चालेल ना? आज घरी पाहुणे आहेत.’

अशा फोनवर मला विचारायला शिकवलेला प्रश्न एकच आहे: लघवी कधी केली होती? यावर नेहमीचं उत्तर, ‘ते नाही बघितलं.’ मग ट्रे बघायला सांगायचं. वाळूत गोळे आहेत का? असतील तर किती मोठे? नाण्याएवढे दोन-तीन ठिपकेच आहेत का? तो ओरडतो का, सारखा शेपटीखाली चाटतो का, उचलताना पोटाला हात लागला की चावतो का? यातल्या दोन गोष्टींना ‘हो’ आलं की पाहुण्यांना चहा देऊन बोक्याला घेऊन निघायचं.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. बारीक खडे, चिकट स्राव किंवा सुजेमुळे तो बुजला की मूत्राशय भरत जातं, लिंबाएवढं, मग संत्र्याएवढं, दगडासारखं टणक. मूत्रपिंडांना काम करता येत नाही, रक्तात पोटॅशियम चढत जातं, हृदयाची लय बिघडते. हे सगळं एक-दोन दिवसांत घडतं. नळी घालून वाट मोकळी केली तर तोच बोका काही दिवसांनी फ्रीजवर चढून बसतो. वरून एरंडेल, ओवा, हिंगाचं पाणी, पोटावर शेक यांपैकी कशानेही ती वाट मोकळी होत नाही.

आणि मांजर गुरगुरतंय म्हणजे ते सुखात आहे, हाही भरवसा धरू नये. वेदनेतही मांजरं गुरगुरतात. आत टेबलावर सलाइन लावलेली, खंगलेली मांजरंसुद्धा मंद गुरगुरताना मी बघतो, आणि बाहेर बसलेल्यांना ‘बघा, बरं वाटतंय तिला’ म्हणावंसं वाटतं. मी म्हणत नाही.

लसींबद्दल वाद कसा घालावा

वादाचा पहिला मुद्दा: ‘परवाच तर दिली होती, पुन्हा कशाला? धंदा आहे सगळा.’ पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत सोळा आठवड्यांपर्यंत नेतात, त्याचं कारण असं. गाय व्यायली की पहिल्या चिकाचा आपण खरवस करतो, पण तो चीक असतो वासराच्या संरक्षणासाठी. पिल्लालाही आईच्या चिकातून प्रतिपिंडं मिळतात, आणि ती रक्तात असेपर्यंत लसीलाच शत्रू समजून तिचा फडशा पाडतात. ती कधी संपतील हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा द्यायची, म्हणजे मधली फट सापडते. त्या फटीत लसीच्या आधी पार्वो शिरला तर रक्ताचे जुलाब, उलट्या आणि आठवडाभर सलाइन. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला, आणि घरातल्या फरशीवर, चपलांवर महिनोन्‌महिने टिकतो. पिल्लू दगावलं म्हणून पंधरवड्यात त्याच घरात दुसरं आणणाऱ्यांना हे सांगावं लागतं, आणि सांगायचं काम माझ्याकडे येतं.

दुसरा मुद्दा: ‘तो घरातच असतो, त्याला रेबीज कुठून होणार?’ हा मुद्दा मांडणारे गृहस्थ बोलत असताना त्यांचा कुत्रा बहुधा जिन्यातल्या मांजरावर भुंकत असतो. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस काय, कुत्रा काय, जवळजवळ कोणीही वाचत नाही. लस मात्र अगदी खात्रीची. साधारण तीन महिन्यांनंतर पहिला डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी.

माणसाला चावा बसल्यावर पाळायचे नियम लोकांना तोंडपाठ असतात: तिखट भरावं, चुना लावावा, हळद दाबावी. जखमेवर हे काहीही करू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून. आपल्याला वाटतात ती नव्हेत. मग त्याच दिवशी इंजेक्शन. ‘पोटात चौदा’ ही भीती अजून आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, भारतात ती 2004 साली बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत चार-पाच डोस, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जोडीला सीरम. सरकारी दवाखान्यात मिळतं.

गोचीड

‘एकच दिसली हो, काढून टाकली.’ कुत्र्यावरची गोचीड हा गोचिडींच्या संसाराचा फक्त दिसणारा भाग. आपल्याकडची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली उतरते. टम्म फुगलेली मादी भिंतीची फट, स्कर्टिंगचा कोपरा, पलंगाची खाच शोधून हजारांनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याला महागडा शाम्पू आणि भिंतींना काहीच नाही, हा उपाय दर पंधरवड्याला नव्याने करता येतो.

काढताना चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची. उदबत्तीचा चटका, रॉकेल, नेलपॉलिश यांनी कुत्र्याचीच कातडी भाजते. खरी चिंता चाव्यानंतरच्या तापाची. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन रोगजंतू गोचिडीतून रक्तात उतरतात, आणि कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटावर लाल ठिपके येतात, कधी नाकातून रक्त येतं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. पाचव्या दिवशी कुत्रा चिकन मागतो, सहाव्या दिवशी गोळ्या फ्रीजच्या वरच्या डब्यात जातात, आणि दीड महिन्यानंतर केसपेपरवर पुन्हा ‘कालपासून’.

कुत्र्यासाठी आणलेलं मानेवर टाकायचं औषध उरलं म्हणून मांजरावर टाकू नये. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. घरात मांजर असेल तर फरशी पुसायच्या फिनाइलचा आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचाही विचार करावा. मांजर ज्या फरशीवर चालतं तिचा अर्क रात्री पंजे चाटताना पितं. वाढदिवसाच्या गुच्छातल्या लिली तर घरातच आणू नयेत. त्यांचे परागकण अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले, तरी मूत्रपिंडं जाऊ शकतात.

घरच्या मंडळींचे प्रश्न

सून गरोदर असल्याची बातमी येते त्याच आठवड्यात मांजराला गावी पाठवायचा ठराव येतो. भीती टॉक्सोप्लाझ्माची असते, आणि ती निराधार नाही. फक्त तिचा पत्ता चुकतो. मांजर त्या जंतूची अंडी विष्ठेतून टाकतं, ते बहुधा आयुष्यात एकदाच, काही आठवडे; आणि ती बाधण्याजोगी व्हायला किमान एक दिवस जावा लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ झाला की प्रश्न बराचसा सुटतो. तो गरोदर बाईने करायचा नाही, नवऱ्याने करायचा. या शेवटच्या कलमापाशी काही घरांना मांजर गावी पाठवणंच सोपं वाटतं. अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि कुंडीतली माती यांतूनही तोच जंतू येतो, पण कोथिंबिरीला गावी पाठवायचा ठराव अजून कोणी मांडलेला नाही.

कुत्रीच्या बाबतीत सासूबाईंचा आग्रह असतो: ‘एक तरी वेत होऊ दे, आईपण बघू दे बिचारीला.’ शस्त्रक्रिया यासाठी पुढे ढकलली जाते. कुत्री आठ वर्षांची होते, हीटवर येऊन गेल्यावर महिना-दीड महिन्याने खूप पाणी प्यायला लागते, सारखी लघवी करते, शेपटीखाली पू दिसतो किंवा दिसतही नाही. गर्भाशय पुवाने भरलेलं असतं. मग तीच शस्त्रक्रिया मध्यरात्री, तिप्पट खर्चात, तापाने फणफणलेल्या कुत्रीवर करावी लागते. वेतं झालेल्या कुत्रीलाही हे होऊ शकतं.

‘मांजर कुठूनही पडलं तरी पायावरच पडतं’ असं अठराव्या मजल्यावरचे लोक खिडकी उघडी ठेवून सांगतात. न्यूयॉर्कच्या एका प्राणिरुग्णालयात उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची पाहणी 1987 मध्ये छापून आली, त्यांतली नव्वद टक्के वाचली. हा आकडा लोकांना बरोबर माहीत असतो. ती सगळी उपचारासाठी आणण्याइतपत जिवंत मांजरं होती, आणि त्यांत फुटलेले जबडे, मोडलेले पाय, छातीत साठलेली हवा पुष्कळ होती, हे मात्र नाही. कबुतरांसाठी गॅलरीला जाळी लावायला आपण एका फोनवर तयार होतो. तीच जाळी खिडकीलाही लावता येते.

हस्कीवाल्यांसाठी ओळी कमी ठेवतो. नागपुरात मे महिन्यात हस्की घेऊन आलेल्या कुटुंबाने एसीच्या बिलाबद्दल डॉक्टरांचा सल्ला मागू नये. उन्हाने जीभ बाहेर, लाळ गळतेय, डगमगतोय असं दिसलं तर आधी अंगावर पाणी ओतून पंखा लावायचा, मग निघायचं. पगचं नाक चपटं असल्याने त्याला हे एप्रिलच्या संध्याकाळीही होतं.

दवाखान्यात येताना

शौचाचा नमुना आणायला सांगितला की तो श्रीखंडाच्या डब्यात येतो. आक्षेप नाही, पण डब्यावरचं जुनं लेबल काढावं. एकदा तो आमच्या फ्रीजमध्ये दुपारपर्यंत श्रीखंड म्हणूनच राहिला होता. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काही वळवळताना दिसलं तर तेही चिकटपट्टीवर घेऊन यावं. ते फीतकृमीचे तुकडे असतात, आणि ते पिसवांतून येतात. म्हणजे जंताच्या गोळीबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागणार.

घरी दिवसभर खोकणारा कुत्रा दवाखान्याच्या दारात पाऊल टाकताच खोकायचा थांबतो. लंगडणारा सरळ चालतो. मग पालक डॉक्टरांसमोर स्वतः खोकून आणि लंगडून दाखवतात. त्याऐवजी मोबाइलवर व्हिडिओ काढावा, अर्ध्या मिनिटाचा. त्यावर गाणं लावू नये.

मांजर उशीच्या अभ्र्यात, भाजीच्या पिशवीत किंवा ओढणीत आणू नये. शेजारी डोबरमन बसलेला असतो आणि आमच्या फॉल्स सीलिंगमध्ये याआधीच एक भोक आहे. कुत्र्याला मुसकं बांधायचं म्हटलं की ‘नाही हो, तो चावत नाही’ असं सांगायची पद्धत आहे. माझ्या उजव्या हातावरचे सगळे व्रण न चावणाऱ्या कुत्र्यांचे आहेत. प्रामाणिकपणे ‘हा चावतो’ म्हणणाऱ्यांचं कुत्रं आजवर मला चावलेलं नाही, कारण त्याला मुसकं असतं.

जाता जाता

तपासणी झाली, चिठ्ठी लिहून झाली, फी दिली, आता निघायचं. इथे नवशिक्याने दाराच्या कडीला हात लावून मागे वळायचं आणि बाही वर करायची. ‘डॉक्टर, एक बघता का? माझ्याही हाताला हे गोल गोल उठलंय.’

पर्शियन मांजराच्या कानामागे केस गेलेला चट्टा आणि पालकाच्या कोपराजवळ लाल कडांचं वर्तुळ, अशी जोडी दर आठवड्याला येते. ते गजकर्ण. मांजराकडून माणसाला आणि माणसाकडून घरातल्या बाकीच्यांना, चादरी-टॉवेलसकट. आमच्या डॉक्टरांना मांजराचं औषध लिहिता येतं, तुमचं लिहिता येत नाही. कायदाच तसा आहे, आग्रह करून उपयोग नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि घरात मांजर आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या तीन ट्यूबा संपल्यावर नको.